टॉवेलाखाली

धनश्रीनं बॅग गाडीत ठेवली. मच्छिंद्रअप्पांनी ती काढून ओट्यावर ठेवली. तिसऱ्यांदा असं झाल्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद करून पेपर उघडला.

"अप्पा, सावेडीत लिफ्ट हाय, खालीच दवाखाना हाय. लेकीकडं राहायला काय कमी हाय तुमाला?"

"चार दाती," अप्पा म्हणाले.

अप्पा काष्टीच्या बैलबाजारातले दलाल. गेल्या वर्षी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि आयुष्यभर वापरलेल्या शब्दांपैकी हे दोनच उरले, तेही बैलाचं वय सांगायचे. डॉक्टरांनी नाव विचारलं, चार दाती. बायकोच्या वर्षश्राद्धाला भटजींनी गोत्र विचारलं, चार दाती. भटजींनी आक्षेप घेतला नाही. कळायचं सगळं, पण बोलायला तोंड उघडलं की हेच बाहेर पडायचं. तरी एकटे राहायचे. डाव्या हातानं भाकरी थापायचे. तिचा आकार सांगता येण्यासारखा नसायचा, पण अप्पांना तरी कुठं काय सांगता येत होतं.

वाचताही येईना. मागच्या आठवड्यात चहापत्ती आणायला गेले आणि उंदराचं औषध घेऊन आले. पुडीवर उंदराचं चित्र होतं म्हणून वाचले. धनश्री गाडी घेऊन आली ती यासाठी.

अप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि चालू लागले. बाजाराचा दिवस होता. धनश्री बॅग घेऊन मागे.

अप्पांना झटका आलाय हे बाजारात कुणाला फारसं आठवतच नसे. तिथं भाव टॉवेलाखाली होतो. दोघांचे हात आत, बोटं दाबायची, आकडा त्या दोघांनाच कळतो. हजारात बोलायचं की शंभरात, एवढंच तोंडानं सांगावं लागतं. ते त्यांचा जोडीदार बाबाजान सांगायचा.

दोन सौदे धनश्रीनं उभं राहून बघितले. मग बॅगेवरच बसली आणि अप्पांच्या टॉवेलाखाली हात घातला. बोटांची भाषा तिला लहानपणापासून येत होती.

"हजार का शंभर?" बाबाजाननं सवयीनं विचारलं.

"दिवस," धनश्री म्हणाली. "म्हैन्यातले. सावेडीला राहायचे."

"अप्पा, असला माल पैल्यांदाच आलाय," बाबाजान म्हणाला.

तिनं अप्पांचं मनगटच धरलं, म्हणजे पूर्ण महिना. अप्पांनी ते सोडवून घेतलं आणि तिचं एक बोट धरलं.

माणसं जमली. "बैल कुठाय?" एकानं विचारलं.

"भाव चाललाय. गप ऱ्हा," बाबाजान म्हणाला.

"उंदराचं औषध आणलं तुमी," धनश्री म्हणाली.

"चार दाती." आवाजात असं होतं की, आणलं, खाल्लं तर न्हाई ना.

तिनं पाच बोटं धरली, मग चार. अप्पा एकावरून हलेनात. हा माणूस गिऱ्हाइकाला दमवतो, हे तिला ठाऊक होतं. गिऱ्हाईक व्हायची वेळ पहिल्यांदाच आली होती. शेवटी तिनं दोन दाबली. महिन्यातून दोन दिवस सावेडी, बाकी काष्टी. अप्पांनी मान हलवली.

विकल्या जनावराच्या पाठीवर गुलाल टाकायची रीत. बाबाजान चिमूट घेऊन आला आणि थबकला.

"इकलं कोण गेलं?"

मग त्यानं दोघांच्या खांद्यांवर थोडा थोडा टाकला. माणसं पांगली.

धनश्री हात काढणार, तेवढ्यात टॉवेलाखाली अप्पांनी तिचं आणखी एक बोट धरलं. तिसरं.

सौदा मिटल्यावर आकडा हलवणाऱ्या माणसाच्या सावलीलाही अप्पा उभे राहत नसत. तिनं वर बघितलं. अप्पा भलतीकडेच, कुणाच्या तरी खोंडाचे दात लांबूनच बघत होते.

तिनं हात काढला नाही. पुढचं गिऱ्हाईक कासरा धरून उभं होतं. बाबाजाननं त्याला हातानंच थांबायला सांगितलं.