कल्ल्यांतला चिखल

माशाच्या कल्ल्यांत काळा, मऊ चिखल होता. मी तो चिमट्याने काढला, कुपीत भरला आणि चिठ्ठी लावली: कोरेगाव बाजार, नूरजहां मावशींची पाटी.

मासा लेप होता. चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, जन्मभर समुद्राच्या तळाशी पडून राहणारा. रत्नागिरीहून बर्फात आलेल्या ढिगातून मावशींनी तो माझ्यासाठी बाजूला काढला होता. "ह्याच्या डोळ्यामागं ठिपका हाय. ह्यो येगळा हाय," त्या म्हणाल्या होत्या. दोन वर्षांत त्यांनी असे अकरा दिले. मी मापं घेतली, परांचे काटे मोजले. अशी जात कुठेच नोंदलेली नव्हती.

माझे मार्गदर्शक इंद्रजित सर यांनी शोधनिबंध लिहिला. त्यात लिहिल्याप्रमाणे मासे मालवणजवळ, बारा मीटर खोल, प्रवाळांमधल्या पांढऱ्या रेतीत सापडले होते, आणि सरांनी स्वतः बुडी मारून ते आणले होते. सर गुडघाभर पाण्यातही उतरत नाहीत.

चिखलाचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मग मासेवालीला सहलेखिका करायचं का? सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा संताप दोन महिने गेला नाही. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती, आणि त्याआधी त्यांना निबंधावर सहलेखिका म्हणून माझी हवी होती. मी रोज म्हणायचे, वाचतेय, सर.

आज बाजारात मावशींनी विचारलं, सायबांनी माझं नाव घातलं का? शेजारच्या भाजीवालीलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी मान खाली घातली. त्या बांगडा साफ करत राहिल्या.

"नसू दे, पोरी. पन चिखलातला हाय, एवढं तरी खरं लिव. न्हाईतर लोक भलतीकडंच हुडकत बसतील."

तेच होणार होतं. त्या माशाला वाचवायला निघालेले लोक पांढरी रेती राखतील, आणि जाळी त्याचा चिखल खरवडत राहतील.

मी तशीच कॉलेजात गेले. हाताला मासळीचा वास होता. सरांच्या टेबलावर, निबंधाच्या शेवटच्या पानावर, मी कुपी ठेवली. त्यांनी ती बोटाने बाजूला सारली आणि पेन पुढे केलं. अजून वाचणंच चाललंय का, त्यांनी हसत विचारलं.

"वाचून झालं, सर," मी म्हणाले. "मी सही करणार नाही."