प्योबाईचं मलम

कोरियातल्या बुसान शहराच्या एका सार्वजनिक न्हाणीघरात ओकबुन सव्वीस वर्षं बायकांची अंगं घासत होती. खरखरीत हातमोजा चढवायचा, गरम पाण्यात मुरलेली बाई ओट्यावर आडवी करायची आणि मळाच्या वळ्या निघेपर्यंत रगडायची. माणसांबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. कपडे उतरले की कोण किती पाण्यात आहे ते कळतं, म्हणायची.

त्यातही प्योबाई तिच्या डोक्यात जायची. ही बया कपडे बदलायच्या खोलीत ठाण मांडून 'आजेसासूची जडीबुटी' म्हणून बिननावाच्या डब्या विकायची. खाज दोन दिवसांत गायब, गाल आरशासारखे! बायका काय, मेंढरं. एकीने घेतली की दहा जणी घेणार.

वर्षभरात ओकबुनच्या हातांना फरक कळू लागला. गाल चकचकीत, पण त्यांवर लाल शिरांचं जाळं. नडगीवर अंगठा टेकला तरी निळा डाग. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"इमसुकताई, ते मलम सोडा," ती एका निवृत्त शिक्षिकेला म्हणाली.

"तू मळ काढ गं. औषधाचं आम्ही बघू."

शिकलेल्यांची ही तऱ्हा! ओकबुनने हातमोजा काढून नुसत्या मऊ फडक्याने त्यांचा हात पुसायला घेतला, तरी कोपराखालची कातडी ओल्या कागदासारखी फाटली. ओट्यावर रक्त.

"हात आहे की किसणी?" प्योबाई दारातून किंचाळली. मालकिणीने ओकबुनला आठवडाभर घरी बसवलं.

इमसुकबाई हाताला पट्टी बांधून त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी डबी तपासायला पाठवली, तर आत जडीबुटी कसली, जहाल स्टेरॉइड! आठवड्याने इमसुकबाई मान खाली घालून ओकबुनला सांगत होत्या, "डॉक्टर म्हणाले, कातडीच्या आत धाग्यांचं विणकाम असतं आणि त्यात पाणी धरून ठेवणारा गर. हे रोज थापलं की शरीर नवे धागे विणायचं थांबतं, गरही आटतो. वरून गुळगुळीत, आतून झिरझिरीत. तेही हे औषध देतात, पण मोजून, थोडे दिवस. आता एकदम बंद करू नका म्हणाले, हळूहळू सोडवतील. तुझी काही चूक नव्हती, ओकबुन."

"ते मला ठाऊक होतं," ओकबुन म्हणाली.

बाकीच्यांना पटेल तर शपथ. प्योबाईने सांगितलं, डॉक्टर जळतात. झालं, डब्या पुन्हा खपू लागल्या.

नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी अख्खा मोहल्ला अंग घासून घ्यायला लोटला. दुसऱ्या घासणारीकडे रांग होती, म्हणून प्योबाई पहिल्यांदाच ओकबुनच्या ओट्यावर येऊन पसरली. "बेताने गं. मी काही मुळा नाही."

ओकबुनने रगडायला घेतलं. करड्या वळ्या शेवयांसारख्या गळू लागल्या. कातडी जाड, चिवट, घट्ट. नडगीवर अंगठा दाबला, डाग नाही. गालावर एक शीर नाही. ती थांबली आणि सगळ्या हौदांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "प्योबाई, किती वर्षं लावताय मलम?"

"वीस! रोज, डोक्यापासून पायापर्यंत."

"खोटं. या अंगाला त्याचं बोटही लागलेलं नाही. दोन्ही हातांनी रगडतेय, साधा ओरखडा नाही. आणि त्या इमसुकताईंचा हात बघा."

हौदातल्या बायका माना वळवून प्योबाईच्या नडग्यांकडे बघू लागल्या.

"माझी कातडीच मुळात चांगली!"

"मग एक डबी उघडा की. मी थापते, इथेच. रोज या, वर्षभर फुकट थापते."

प्योबाई ताडकन उठली. अर्धी पाठ गुलाबी, अर्धी करडी, तशीच पंचा गुंडाळून पळाली. कुणी हसलं नाही. पुष्कळ जणी आपापल्या नडग्या दाबून बघत होत्या.

इमसुकबाईंनी तक्रार केली. प्योबाईच्या घरावर छापा पडला. इमसुकबाईंची जखम भरली. डॉक्टर म्हणाले, कातडी थोडीफार सावरेल, पण मलमाने मांड्यांवर उमटलेले पट्टे जायचे नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवस झाले नसतील, एक जण ओट्यावर पडल्या पडल्या ओकबुनच्या कानाशी कुजबुजली, "ताई, प्योबाईचा नंबर आहे का हो? मानेला फार खाज सुटलीय."

"पालथी हो," ओकबुन म्हणाली. त्या तोंडाकडे बघायचीही तिला इच्छा उरली नव्हती.