आप्पांच्या टाकीतला पूर

सासऱ्याच्या घरचा नळ दुरुस्त करणं वेगळं आणि सासऱ्याच्या माशांच्या पाण्यात हात घालणं वेगळं. नळ दुरुस्त केला तर चहा मिळतो. माशांच्या वाटेला गेलं तर काय मिळेल ते सांगता येत नाही. या गोष्टीतला जावई धंद्यानं प्लंबर असल्यामुळे हा फरक त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

सासरे म्हणजे आप्पा. कापडाच्या कारखान्यात रंगारी होते, आता निवृत्त. तळमजल्यावर ते राहायचे, वरच्या मजल्यावर लेक आणि जावई. आप्पांच्या बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत काचेच्या टाकीनं अडवली होती. धडधाकट माणूस आत पाय पसरून झोपेल एवढी ती मोठी. तिच्या तळाशी वाळू उकरत फिरायचे बोटभर लांबीचे, ठिपकेदार, मिश्यावाले मासे. पहिली जोडी सासूबाईंनी हौसेनं आणली होती. पुढचे सगळे मासे याच टाकीत, याच काचेवर चिकटलेल्या अंड्यांतून आले. सासूबाई गेल्या, मासे राहिले. पण गेल्या वर्षी आप्पांची कंबर धरली, पाणी बदलायच्या बादल्या अर्ध्याच भरायला लागल्या, आणि वर्षभर काचेवर एकही अंडं दिसलं नाही. माद्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. यंदाही अंडी झाली नाहीत तर सासूबाईंचा तो गोतावळा संपला. आप्पा हे बोलून दाखवत नसत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि म्हणूनच जावई पेटून उठला. "आप्पा, बादल्या बंद! ठिबक लावू. नळापासून बारीक नळी, मध्ये क्लोरीन काढायची गाळणी, आणि टाकीत दिवसरात्र थेंब थेंब ताजं पाणी. जादा झालेलं पाणी वरच्या भोकातून आपोआप बागेत. तुम्ही फक्त खुर्चीत बसून बघायचं."

"मला खुर्चीत बसायचं नाहीये," आप्पा म्हणाले.

"अहो, पण कंबर?"

"कंबर माझी आहे."

शेवटी लेक मध्ये पडली. "आप्पा, परवा बादली घेऊन तुम्ही दारातच बसलात. मी बघितलं. आता हट्ट पुरे." लेकीपुढे आप्पांचं काही चालत नसे. ते पेपरात तोंड खुपसून बसले आणि जावयानं ती संमती समजून पान्हा काढला.

काम असं झालं की विचारू नका! नळ्या भिंतीलगत सरळ रेषेत, एकही सांधा गळत नाही, थेंबांचा वेग बोटानं कमीजास्त करता येतो. जावई रोज खाली येऊन ते थेंब बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. पाणी आरशासारखं लख्ख झालं. मासे गुबगुबीत झाले. बायको म्हणाली, "माझ्याकडे कधी इतका वेळ बघत बसला नाहीस." ते खरंच होतं, म्हणून तो पुन्हा थेंब मोजायला लागला.

फक्त अंडी होत नव्हती. आठवडे गेले. मासे खात होते, वाळू उकरत होते, कोपऱ्यात लोळत होते. काच कोरी ती कोरीच.

एका रविवारी सकाळी जावई नेहमीसारखा खाली आला. आप्पा टाकीसमोर उभे होते. "काम छान झालंय हो तुमचं," ते म्हणाले. आप्पांच्या तोंडून कौतुक! जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "इतकं छान, की पाणी बदलतंय हे माशांना कळतसुद्धा नाही."

"तेच तर!" जावई म्हणाला. "चांगलं प्लंबिंग तेच, ज्याची कुणाला आठवण येत नाही."

जावई शीळ घालत जिना चढू लागला आणि अर्ध्या जिन्यात त्याची शीळ बंद पडली. माशांना कळत नाही. पाणी बदललं हे त्यांना कळतच नाही! आयुष्यभर लोकांच्या घरात तो हेच करत आला होता, पाणी कुणाच्या लक्षात येऊ नये अशी व्यवस्था. पण माशांचं सगळं जगच पाणी. त्याची आठवण बुजवून आपण त्यांना काय दिलं?

तो धडाधड जिना उतरला. "आप्पा! बादलीनं पाणी घालायचात तेव्हा ते गार असायचं?"

"पाण्याचे ड्रम अंगणात सावलीत असतात. गार असणारच."

"आणि एकदम बरंच?"

"निम्मी टाकी." आप्पांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "यांच्या मूळच्या नदीला पूर येतो. एकाएकी गार पाण्याचा लोंढा येतो, किडेमकोडे वाहून येतात. यांना कळतं, आता पिलांना खायला मिळेल. तेव्हा हे अंडी घालतात. तुमच्या ठिबकीत आठवडेच्या आठवडे एकच दिवस चाललाय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी? पान्हा घेऊनच आलात."

जावयाला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यानं स्वतःच्या हातानं ठिबकीचा खटका बंद केला, बाह्या सरसावल्या आणि वर बघून ओरडला, "अगं, खाली ये! पूर आणायचाय!"

मग काय विचारता! अंगणातल्या ड्रमपासून टाकीपर्यंत नुसती धावपळ. जावई बादल्या भरून आणतोय, लेक त्या दारात घेऊन पुढे देतेय, आप्पा स्टुलावर उभं राहून काचेलगत धार सोडताहेत. फरशीवर तळं झालं. लेक एकदा घसरली आणि बादलीसकट नवऱ्याच्या अंगावर आली. "सावकाश!" आप्पा ओरडले, पण ते माशांसाठी होतं. त्या दिवशी काही झालं नाही. आठवड्याच्या मध्यात पुन्हा पूर आणला, तेव्हाही नाही. पुढच्या रविवारी जावयाचे खांदे भरून आले होते, तरी तोच सगळ्यांच्या आधी अंगणात हजर.

शेवटची बादली ओतली आणि लेक किंचाळली, "आप्पा, बघा! बघा ना!"

मासे वेडे झाले होते. नर माद्यांच्या मागे काचेवर वरखाली धावत होते. एक म्हातारी मादी काचेला पोट लावून वर सरकली, क्षणभर थांबली आणि बाजूला झाली. काचेवर साबुदाण्याहून लहान, पांढरट, चार ठिपके. जावयानं आनंदानं बायकोला उचलूनच घेतलं. लेक रडत होती आणि हसत होती. आप्पा नुसते "आली, आली" म्हणत होते. काचेवर अंडी वाढत गेली.

"आता लगेच काढायला हवीत," आप्पा म्हणाले. "नाहीतर हेच खाऊन टाकतील." अंडी बोटाच्या टोकानं हलकेच लोळवून काचेवरून सोडवायची आणि वेगळ्या टबात ठेवायची, हे काम दरवर्षी आप्पांचंच. त्यांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि बोट पहिल्या अंड्याजवळ नेलं.

बोट थरथरत होतं. थोडंथोडकं नाही, सगळा हातच. अंड्याच्या आजूबाजूला बोट काचेवर टकटक वाजत राहिलं. आप्पांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. तोही हात तसाच.

चहा समोर आला की आप्पा "गार होऊ दे" म्हणून कप तसाच का ठेवतात, पेपर मांडीवर ठेवूनच का वाचतात, हे जावयाला एकदम कळलं.

"बादली जड असते," आप्पा टाकीकडे बघतच म्हणाले. "तिच्या वजनानं हात थरथरत नाही. बादली धरली की मला वाटायचं, अजून मी पहिल्यासारखा आहे." त्यांनी हात पाण्याबाहेर काढला. "तुमची ठिबक मला नको होती ती म्हणून. पुराचं सांगितलं ते खरं, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं."

"आप्पा..." लेकीनं पदरानं डोळे पुसले.

"रडायला नंतर वेळ आहे. आधी अंडी." ते जावयाकडे वळले. "तुम्ही काढा."

"मी?" प्लंबरचा हात तो, राठ, बोटांना घट्टे. "फुटली तर?"

"फुटणार नाहीत. नखानं नाही, बोटाच्या गादीनं. आणि ती ठिबक सोडवून टबाला लावा. पिलांना पूर चालत नाही, त्यांना तुमचं थेंब थेंब पाणीच लागणार."

लेक टब आणायला धावली. जावयानं हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. हात स्थिर होता. पहिलं अंडं जरा अडलं, मग सुटलं आणि बोटाला चिकटून आलं. त्यानं ते टबात सोडलं. छोटासा ठिपका पाण्यात तरंगत खाली गेला.

आप्पा स्टुलावर बसले. दोन्ही हात त्यांनी सगळ्यांसमोर मांडीवर उघडे ठेवले, थरथरत होते तसे थरथरू दिले आणि मान पुढे काढून म्हणाले, "हं, आता त्याच्या शेजारचं."