सुई टेकवायचं धाडस

मी संयोगिताच्या कंपासपेटीतला कर्कटक बोलतोय. माझ्या एका पायाला सुई, दुसऱ्यात पेन्सिलीचा तुकडा. स्वभावाने टोचरा आहे, पण कामात वाकडा नाही.

संयोगिता दहावी झाली आणि मी पेटीसकट माळ्यावर गेलो. तिथून मला खाली काढलं तिच्या आईने, शालूबाईंनी. जोतिबाच्या डोंगरावर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. लग्नापायी सुटलेली दहावी त्यांना पुरी करायची होती. बाकी विषयांत त्या पास झाल्या, गणित मात्र दोनदा आडवं आलं. ही शेवटची खेप, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

पण माझ्यावर विश्वासच नाही! तीन आणि दोन सेंटिमीटर त्रिज्येची, एकमेकांना बाहेरून स्पर्श करणारी वर्तुळं काढायची होती. बाईंनी हातातली बांगडी उतरवून गिरवली, शेजारी बाटलीचं झाकण सरकवून तेही गिरवलं. मी पेटीत चरफडलो.

रविवारी कोल्हापूरहून संयोगिता आली.

"आई, केंद्र कुठाय?"

"गोल झाल्यात की! चिकटल्यात बी."

"केंद्राबिगर मार्क न्हाईत. कर्कटक का घेत न्हाईस?"

बाई ओशाळल्या. "सुईनं कागदाला भोक पडतंय गं. पेपर खराब केला म्हणून नापास करतील."

माझा राग तिथंच विरघळला. गिऱ्हाइकाला कधी फाटकी पुडी न देणारी बाई ती, कोऱ्या पेपराला सुई टोचणार कशी?

संयोगिता हसली नाही. "आई, तपासणारा तेच टोचलेलं हुडकतोय. तेच केंद्र."

तिने आधी रेष ओढायला लावली, तीन अधिक दोन, पाच सेंटिमीटरची. बाईंनी मला तीन सेंटिमीटर उघडून एका टोकावर टेकवलं, मग दोन सेंटिमीटर उघडून दुसऱ्या टोकावर. दोन्ही वर्तुळं रेषेवरच एका बिंदूत येऊन भेटली.

"अगं बया! सरकवायला लागलंच न्हाय!"

परीक्षेत त्यांनी कोऱ्या पेपरावर सुई टेकवली. बाई पास झाल्या.

मला वाटलं, आता माझा मान वाढणार. कसलं काय! गुलालाच्या पिशव्या फोडायला गल्ल्याजवळ ठेवलं मला. गुडघ्यापर्यंत गुलाबी झालोय, स्क्रूही सैल झालाय.

आज मात्र शेजारच्या दुकानातली पूर्णिमा दहावीचं पुस्तक घेऊन आली. तीही बांगडी उतरवायला लागली. बाईंनी मला पदराला पुसून तिच्या हातात दिलं.

"बांगडी ऱ्हाऊ दे हातात. टेकव सुई. कागद काय म्हणत न्हाय."

तेवढा माझा स्क्रू आवळा हो कुणीतरी. पूर्णिमाचं पहिलं वर्तुळ वाकडं यायला नको.