फुगा खाली येईना

माझा दादा वर्कशॉपमध्ये फिटर आहे. कुठून काही गळत असेल तर आवळायचं, एवढं त्याला कळतं आणि तेवढ्यावर घर चालतं. त्यामुळे त्याच्या सातवीतल्या पोरीचे, भिंगरीचे, कपडे शाळेत ओले व्हायला लागले, तेव्हा त्यानं पोरीला रोज सकाळी समोर उभं केलं आणि "आवळ, धर, सोडू नको" असा व्यायाम लावून दिला. झालं, आगीतून फुफाट्यात! आधी कधीमधी व्हायचं ते रोज व्हायला लागलं, वर ताप आला.

वहिनी आजारी पडली तेव्हापासून मी त्यांच्याकडेच राहते, ती गेल्यावरही. आत्या म्हणून त्या घरात माझी वट काडीची नाही, पण आवाज मोठा आहे. दादाला चार शब्द सुनावले आणि पोरीला दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफीत भलतंच निघालं. डॉक्टर म्हणाले, "सैल कसली, लघवीची पिशवी तुडुंब आहे. ही नीट रिकामी करतच नाही. भरून वाहतं ते गळतं. महिन्यात फरक पडला नाही तर नळी घालावी लागेल, रोज, तिची तिनंच. नाहीतर किडनीवर जाईल."

भिंगरीनं ऐकलं आणि शहाण्यासारखी मान हलवली. ही पोर कशालाच नाही म्हणत नाही. माझा जीव तुटतो तो त्यानंच. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी नाव पडलं होतं, आता कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

ओटीपोटाखालचे स्नायू सैल सोडायला मुलांना शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई त्याच इमारतीच्या तळघरात बसायच्या. खोलीत एक पलंग, पाय टेकायला लाकडी स्टूल आणि एक पडदा. त्यांनी भिंगरीला कमरेखाली चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या. स्क्रीनवर लाल फुगा आला.

"घट्ट केलंस की फुगा वर जाईल, सोडलंस की खाली येईल."

फुगा झपकन वर गेला.

"वा! आता सोड."

फुगा जागचा हलेना.

"सोडलंस?"

"हो," भिंगरी म्हणाली. खोटं बोलत नव्हती बिचारी.

"आपण धरून ठेवलंय हेच हिला कळत नाही," बाई मला हळूच म्हणाल्या.

मग साबणाचे फुगे फुंकणं, पोटानं श्वास घेणं, ठरल्या वेळी लघवीला बसणं, सगळं केलं. लाल फुगा बोटभर खाली यायचा आणि परत वर. महिना संपत आला. बाई म्हणाल्या, वडिलांना घेऊन या.

"बायकांच्या गोष्टी, मी येऊन काय करू?" दादा म्हणाला.

"पोर बायकांची, आणि तू काय भाडेकरू?" मी म्हटलं. आला मुकाट्यानं.

त्या दिवशी बाईंनी भिंगरीला विचारलं, "घरी बसतेस तेव्हा काय वाटतं गं?"

"घाई करू नये असं."

"का?"

"आई आजारी होती ना. एकच बाथरूम आहे आमच्याकडे. ती खूप वेळ आत असायची. मी बाहेर थांबायचे. आतून विचारायची, तुला जायचंय का गं? मी म्हणायचे, नाही, तू सावकाश ये. आई म्हणायची, तू आहेस म्हणून मला घाई करावी लागत नाही. शाळेतपण मी बाथरूमला जायचे नाही. धरून ठेवायची सवय मोडली असती."

आम्ही दोघं त्याच घरात वावरत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. उलट त्रास न देणारी पोर म्हणून मीच शेजारीपाजारी कौतुक सांगायचे. लाज वाटली मला.

दादानं वहिनीचं नावसुद्धा एवढ्या दिवसांत घेतलं नव्हतं. तिचा ब्रश हलवला तरी अंगावर यायचा. तो पलंगापाशी गेला.

"भिंगरे," तो म्हणाला, "आत कोणी नाहीये. आई आता येणार नाही, बाळा."

पोरीनं हंबरडा फोडला. आई गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. रडता रडता स्क्रीनवरचा फुगा खाली आला, पार तळाशी गेला. पलंग भिजला, जमिनीवर ओघळ आला. तिनं घाबरून बापाकडे पाहिलं.

"होऊ दे," दादा म्हणाला. "सगळं होऊ दे." ओघळ त्याच्या बुटापर्यंत आला तरी त्यानं पाय काढला नाही.

बाईंनी पोटावर छोटं मशीन फिरवलं. "पिशवी रिकामी आहे. अजून बरेच दिवस यावं लागेल, पण नळीचं आता घाईनं ठरवायला नको. मी बोलते डॉक्टरांशी."

मी एवढे दिवस ज्याची वाट पाहिली तेच ऐकलं होतं, तरी आनंद म्हणून झाला नाही. पडद्यामागे मी तिचे कपडे बदलत होते. तिचे डोळे सुजले होते, आवाज बसला होता.

"आत्या," ती म्हणाली, "मग आता आईसाठी मी काय करू?"

पडद्यापलीकडे दादा फरशी पुसत होता. त्याचा हात थांबल्याचं मला कळलं. मी तिच्या पँटचं बटण लावलं आणि आम्ही तिघं जिना चढून वर आलो.