कवळीच्या उतारावरची चौकट

मी एक चौकट. दाराची नाही, खिडकीची नाही, फोटोची तर नाहीच. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपचे चार सारखे तुकडे, चार कोपरे आणि मध्ये नुसती रिकामी जागा. ती रिकामी जागा हीच माझी नोकरी. मनोरच्या पलीकडच्या एका डोंगरउतारावर मी पडून असते आणि माझ्या पोटात जे उगवेल ते मोजलं जातं.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. सागाचं वाळकं पान वरून पडलं तरी माझे सांधे करकरतात. सरडा अंगावरून गेला की वाटतं, झालं, आता काही खरं नाही. अशा जिवाला डोंगरावर कुणी पाठवावं? पण पाठवलं. आणि खरं सांगू, बरं झालं पाठवलं.

माझा जन्म बोईसरचा. सांगलीकडून येऊन इथल्या एका कारखान्यात फिटर झालेले कैलासराव, त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघर आणि मोरी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मला बनवलं. त्यांची मुलगी प्रतीक्षा डोंगरावरच्या वनस्पतींवर संशोधन करते. तिला माझ्यासारख्या चौकटी हव्या होत्या. पहिल्या झटक्यात माझा एक कोपरा जरा वाकडा बसला.

"पप्पा, एवढं चालेल," प्रतीक्षा म्हणाली. तिला घाई होती.

"चालंल कसं?" कैलासरावांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला. "कोपरा काटकोनात नसला तर आतलं सगळं मापच खोटं. आण इकडं."

त्यांनी मला पुन्हा कापलं. दुखलं, पण सरळ झाले. माझ्यानंतर माझ्या बहिणी झाल्या आणि आमची मोळी बांधून प्रतीक्षा एसटीत चढली. कंडक्टरनं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"ताई, खिडक्या घेऊन कुठं निघालात? आमच्या गाडीला आहेत की!"

सगळी गाडी हसली. प्रतीक्षा लाजून बाहेर बघत बसली. तेव्हाच मला कळलं, हीसुद्धा माझ्यासारखीच आहे. कुणी मोठ्यानं बोललं की दचकणारी.

पण तीच मुलगी त्या उतारावर पोचली की वेगळी होते. पालथी पडून, हनुवटी मातीला टेकवून एकेक पान बघते. मूठभर माती घेते, वास घेते, पिशवीत भरते. कातळावर मातीचा थर किती पातळ आहे, पाणी कुठे मुरतं, कुठून वाहून जातं, हे सगळं ती मन लावून समजून घेते. घोंगावणाऱ्या माशा तिच्या कानात शिरतात, चिखलात कोपरं बुडतात, पण मोजताना ती हलत नाही. दचकणारा जीव इतका स्थिर होऊ शकतो, हे मी तिच्याकडून शिकले.

ती शोधत होती कवळी. पावसाळ्याच्या सुरुवातीला या उतारावर गवतासारख्या लांब, लुसलुशीत पानांची ही भाजी उगवते. खालच्या पाड्यात पहिली कवळी देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. घरातली भाजी संपलेली असते, नवं काही पिकलेलं नसतं, तेव्हा हीच भाजी ताटात असते. बायका पानं खुडतात, कंद मातीत ठेवतात. पण बाहेरची माणसं हल्ली मोटारसायकलवरून येतात आणि औषधासाठी कंदच उपटून नेतात. कवळी विरळ होत चालली होती. म्हणून पाड्याच्या वनसमितीत विषय निघाला, उतार सगळ्यांनाच काही वर्षं बंद करावा का? खुडण्यानंही कवळी कमी होते का, हे प्रतीक्षाच्या मोजणीवरून ठरायचं होतं. कमी होते असं निघालं, तर पाड्याच्या बायकांनाही उतार बंद.

आम्हाला उतारावर ठेवलं, कोपऱ्यांना खुंट्या मारल्या. नियम सोपा होता. चौकटीच्या आत कुणी खुडायचं नाही, बाहेर नेहमीसारखं खुडायचं. मग आतली आणि बाहेरची कवळी ताडून बघायची.

पाड्यातल्या रखमाबाई सुनेला, सपनाला घेऊन बघायला आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पोरी, ह्यो तुजा शेत काय गं?"

"शेत नाही मावशी, अभ्यास आहे."

"अभ्यास जमिनीवर ठेवतात?" रखमाबाई म्हणाल्या, आणि सपना पदरात तोंड घालून हसली. "बरा, नाय खुडणार आत. आमी सगल्यांना सांगतू."

आणि त्यांनी शब्द पाळला. दोन पावसाळे माझ्या आतलं एक पानही कुणी तोडलं नाही. पण प्रतीक्षा बोईसरला परत गेली की भलतंच घडायचं. भातलावणी आटोपली की रखमाबाई नि सपना वर यायच्या, आम्हा बहिणींपाशी एकेक करून बसायच्या आणि माझ्या पोटातलं गवत उपटायला लागायच्या. भाताच्या शेतात जशी बेणणी करतात, तण काढतात, अगदी तशी. मुळासकट, हात फिरवून, मायेनं.

"काय ही पोर! शेत टाकून जाते नि बेणायला येत नाय," रखमाबाई कुरकुरायच्या.

"शिकलेली हाय आये, तिला काय म्हायती," सपना म्हणायची.

उपटलेलं गवत सपनाच्या शेळीला जायचं, त्यामुळे खूण मागे राहायची नाही. बाई गं, किती ओरडावंसं वाटायचं मला! पण चौकटीला कुठला आवाज? गवत गेलं की कवळीला ऊन मिळायचं, जागा मिळायची. माझ्या पोटात ती अशी दाटली की बघत राहावं. प्रतीक्षा आली, तिनं पाहिलं आणि आनंदानं उडीच मारली. आत गवत कमी का, असा प्रश्न तिला पडला होता. कवळीच्या दाट पानांनी ते दाबलं असेल, असं तिनं ठरवलं. चुकीचं असलं तरी हुशारीचं होतं ते.

भातकापणीच्या आधी बैठक भरली, शाळेच्या पडवीत. नमुना म्हणून प्रतीक्षानं मलाच सोबत नेलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. तिच्या मार्गदर्शक किंजल मॅडम पालघरच्या कॉलेजातून आल्या होत्या. समितीचे अध्यक्ष नामदेव म्हणाले, "मॅडम, काय निघाला ते सांगा. उतार बंद करायचा का नाय, आज ठरवूं."

प्रतीक्षानं फोटो दाखवले. बाहेरची कवळी विरळ, आतली भरगच्च. "दोन वर्षं न खुडल्यामुळे..." तिनं सुरुवात केली. बायकांचे चेहरे उतरले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मंग देवाला काय ठेवायचा?"

तेवढ्यात रखमाबाई फोटोकडे बोट दाखवून अभिमानानं बोलल्या, "मंग! हिरवी नसंल तर काय! दोन पावसाळं बेणलीय आमी."

"बेणलीत?" प्रतीक्षाचा हात थांबला. "माझ्या चौकटीत, मावशी?"

"तुज्याच! आत खुडायचा नाय बोललीस, नाय खुडला. गवताची काय तुला भाजी करायची व्हती? पोरीचा शेत गवतात गेला असता तर लाज आमाला वाटली असती."

पडवी हसली. नामदेवही हसले. कुणालाच कळलं नव्हतं काय झालं ते. मला कळलं होतं आणि प्रतीक्षाला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती गप्प बसली असती तर बैठक पुढे सरकली असती. तिचं दोन वर्षांचं काम शाबूत राहिलं असतं, मॅडमही खूश असत्या. फक्त ज्यांनी मायेनं बेणलं त्यांचाच उतार बंद झाला असता.

तिनं माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला. तोच कोपरा, पुन्हा कापलेला.

"माझं माप खोटं झालंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की नामदेवांना पुढे वाकावं लागलं. "आतली कवळी वाढली ती खुडली नाही म्हणून की गवत काढलं म्हणून, हे मला सांगता येत नाही. यावरून उतार बंद करू नका."

रखमाबाईंचं हसू मावळलं. "म्हंजे आमी नासवला तुजा?"

"नाही मावशी. तुम्ही मला नवा प्रश्न दिलात."

किंजल मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "प्रतीक्षा, बस आता. पाणी पी. आणि पुढच्या पावसाळ्याची आखणी मावशींना विचारून कर."

बंदी त्या दिवशी झाली नाही. कंद उपटणाऱ्यांना मात्र उतारावर पाय ठेवू द्यायचा नाही, असं ठरलं. नामदेवांनी वाटेवर पाळत ठेवायला माणसं नेमली.

आता माझं तिसरं वर्ष चालू आहे. आम्हा बहिणींत वाटण्या झाल्यात. काहींत खुडायचं, काहींत नाही. काहींत बेणायचं, काहींत नाही. मी न बेणायची. त्यामुळे माझ्या पोटात रान माजलंय, गवत कवळीच्या उरावर चढलंय, आणि मला फार लाज वाटते. परवा एक नवी सूनबाई सवयीनं माझ्यावर वाकली, तर रखमाबाई खालूनच ओरडल्या, "ए, हात लावू नको! ती घाण ठेवायची हाय!" मी दचकले. ती सूनही दचकली.

उन्हानं मी पिवळी पडलेय. एक सांधा सुटला, तो रखमाबाईंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधला. बांधण्याआधी प्रतीक्षाला फोन करून विचारलं, चालेल का. तिनं सांगितलं, कोपरा काटकोनात धरून बांधा. गवतानं कवळी दबते की खुडण्यानं, याचं उत्तर अजून यायचंय. मी वाट बघतेय, या डोंगराइतक्या धीरानं नाही, पण बघतेय.

तुम्ही कधी या उतारावर आलात तर पानं खुडा, कंद मातीत राहू द्या. पहिली जुडी देवाला ठेवा. आणि मी दिसले, गवतात बुडालेली, अगदी कीव यावी अशी, तर हात जोडून सांगते, माझ्यावर दया करू नका. मला असंच राहू द्या.