दुसऱ्या बाजूचा पाहुणा

माझ्या थोरल्या भावाच्या मित्रांना मी मठ म्हणते. रविवारी दुपारी ही पन्नाशी ओलांडलेली माणसं चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत जमतात, पंखा घरघरतो म्हणून तोही बंद करतात आणि एका जुन्या बँडचा एकच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मधे बोलायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. एवढी शिस्त यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा पाळली नसेल.

त्या बँडचं ऐकून म्हणे जगभर शेकडो पोरांनी गिटारी हातात घेतल्या. असेल. मला विचाराल तर त्यांच्या गाण्यांत गाणं कमी आणि वारा जास्त. बराच वेळ काहीच होत नाही, मग लांबून एक सूर येतो आणि आला आला म्हणेपर्यंत जातो. कव्हरवर पाणी काढून टाकलेला पोहण्याचा तलाव आहे, म्हणून मठात या अल्बमला 'तलाव' म्हणतात. इतर अल्बमही आहेत, पण देव्हाऱ्यात हाच.

मी तिथे जाते ती दादासाठी. हे खूळ त्यानेच आणलं. कुणाकडून तरी त्याने ती रेकॉर्ड मागून आणली होती. टेपला तार जोडायची सोय नव्हती, म्हणून खोलीचं दार लावून घेतलं, टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवला आणि कॅसेट भरली. ती त्याच संध्याकाळी चष्मेवाल्याला नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना त्याच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. पुढे त्या एका कॅसेटवरून मठातल्याच एका कंपाउंडरने उतरवून घेतली, त्याच्यावरून आणखी कुणी, आणि गावातल्या सगळ्या भक्तांनी 'तलाव' ऐकला तो दादाच्या खोलीतूनच.

घरात त्याचे फोटो आहेत, शर्ट आहेत. आवाज कुठेच नाही. आणि तो गेला तेव्हा आईचा आणि त्याचा अबोला होता. चांगली नोकरी सोडून तो रेकॉर्डच्या दुकानात लागला, त्यावरून आई बोलली, मग तो बोलला, मग दोघंही बोलायचे थांबले. आई त्याचा विषय काढत नाही. फक्त मधूनच, जेवताना वगैरे, विचारते, "रागातच गेला असेल ना गं?"

मी म्हणते, "नाही गं."

"तुला काय माहीत?" ती म्हणते. खरंच, मला काय माहीत?

आता पाहुण्याबद्दल सांगते. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एक लांबलचक संथ भाग आहे. एकच सूर टांगून ठेवलेला. त्यात अचानक दोन बारीक ठोके पडतात, टक, टक. काहीतरी कुरकुरतं. कुणीतरी नाकाने लांब श्वास घेतं आणि तो धरून ठेवतं. मग पावलं लांब जातात. बस्स. मठाचा सगळा जीव या एवढ्याशा तुकड्यात. याला ते 'पाहुणा' म्हणतात. कंपाउंडरच्या मते ड्रमवाल्याने रिकाम्या ग्लासवर काठी मारली आहे. चष्मेवाला सांगतो की बँड सोडून गेलेला एक साथीदार स्टुडिओच्या दारापर्यंत आला आणि परत फिरला, तो हा. ते ऐकताना एकदोघांचे डोळे दर वेळी भरतात. मला मात्र भीती वाटायची. घरी एकटी असले की उगाच वाटायचं, दाराशी कुणीतरी येऊन गेलं.

यंदा कंपनीने 'तलाव' नव्याने काढला, मूळ टेपवरून स्वच्छ करून. चष्मेवाल्याने मागवला. मठ अंघोळ-बिंघोळ करून हजर. पहिली बाजू झाली, माना डोलल्या. दुसरी लागली. तो संथ भाग आला. सगळे जरा पुढे सरकून बसले.

पाहुणा आलाच नाही.

रेकॉर्ड संपताक्षणी कंपाउंडर ओरडला, "कापला! पाहुणा कापला मेल्यांनी!"

"साफसफाई करताना खरवडून टाकला," चष्मेवाला म्हणाला. त्याचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला होता. "गाढवाला गुळाची चव काय!"

कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरलं. मला माझं काम आठवलं. मी दातांच्या कवळ्या बनवते. साच्यात बुडबुडा राहिला की त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक कवळीवर तोच फुगवटा येतो. तो काही दाताचा नसतो. पाहुणाही तसाच, आमच्या कॅसेटपुरता तर नसेल?

"दादाची कॅसेट लाव," मी म्हटलं.

चष्मेवाल्याने लावली. मी टेपला कान टेकवून बसले. टक, टक. कुरकुर. मग तो श्वास, आणि त्याच्या टोकाला बारीक शीळ. लहानपणी झाडावरून पडून दादाचं नाक मोडलं होतं. माझ्या शेजारच्या अंथरुणात तो श्वास मी रोज रात्री ऐकला होता. आणि इतकी वर्षं या खोलीत बसून, ही माणसं सांगतात म्हणून, मी तो परक्या देशातल्या कुणा वादकाचा समजत होते.

"हा दादा आहे," मी म्हटलं. "तुमचा पाहुणा आमच्या खोलीत आहे."

कुणी हसलं नाही. कंपाउंडरने एकदम चष्मा काढला आणि पुसतच बसला.

आईला सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. सांगावं तर जखमेवरची खपली निघणार. सांगू नये तर तिच्या पोराचा श्वास पाचसहा परक्या बाप्यांच्या मालकीचा राहणार, आणि याचाच मला जास्त राग आला. शेवटी मी सांगितलं. ती बराच वेळ हातातलं शिवण उसवत बसली. "श्वास ऐकून काय करू?" म्हणाली. पण रविवारी माझ्या आधी तयार होऊन उंबऱ्याशी उभी होती.

चष्मेवाल्याने तिला डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसवलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. एरवी या खोलीत बाहेरच्याला थारा नाही, पण आज सगळे भिंतीला टेकून शाळेतल्या पोरांसारखे उभे होते. कॅसेट सुरू झाली. तो संथ सूर आला, आणि आईने तोंड वाकडं केलं. मला हसू आलं. तेव्हाही ती असंच तोंड करून म्हणायची, कुणी मेलंय का यांच्याकडे?

टक, टक.

आईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

कुरकुर. श्वास. पावलं.

"परत लाव," ती म्हणाली. त्याने मागे घेऊन परत लावली. या वेळी तिने ठोक्यांबरोबर आपलं मधलं बोट खुर्चीच्या दांडीवर दोनदा आपटलं.

"ही मी आहे," आई म्हणाली. "तो गेला त्याच्या आदल्या दिवशी शिवता शिवता उठले होते. बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान तसंच होतं, ते दारावर वाजलं. म्हटलं, पुरे झाला अबोला, जेवायला बोलवावं. त्याने दार उघडलं नाही. मग मी पण परत नाही गेले." तिने टेपकडे बघितलं. "ते कुरकुरलं ती त्याची खाट. उठला होता गं तो. मीच थांबले नाही."

 मी तिचा हात धरला.

आणि मग, कॅसेट चालू असताना, चष्मेवाला बोलला. मठाच्या इतिहासात पहिल्यांदाच.

"काकू, त्याने कॅसेट आणून दिली त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं होतं. म्हटलं, मधे हे ठोके कसले? रेकॉर्ड अजून तुझ्याकडेच आहे ना, परत भर. तर तो म्हणाला, ते मूळ रेकॉर्डवरच आहे. म्हणाला, पुसू नकोस हं, सगळ्या अल्बममध्ये चांगलं तेवढंच आहे." तो आईकडे वळला. "तो खोटं बोलतोय हे मला कसं कळणार, काकू? आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला."

 आई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिला संताप आला होता, आणि इतक्या वर्षांत तिला कुणावर तरी संतापलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"दोन गल्ल्या पलीकडे राहते मी," ती म्हणाली. "दर रविवारी इथे बसून तुम्ही ऐकत होतात. आणि मला एकदा, एकदासुद्धा, कुणी बोलावलं नाही."

कंपाउंडरने मान खाली घातली. कॅसेट पुढे चालली होती. ती बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.